कवकनाशक औषधे आणि प्राणि-व्हायरसांचा पेशीसंवर्धनातील संसर्ग

कृष्णेच्या खोऱ्यात पावसाळ्याच्या सुमारास गाईच्या अंगावर गाठी उठल्या, अथवा बैलाच्या तोंडातून लाळ गळू लागून खुरांच्या बेचक्यांत फोड आले, म्हणजे पशुवैद्य रोगग्रस्त भागाचा अल्पसा अंश काढून तो एका बाटलीतील द्रवात बुडवितात आणि बाटली तपासणीसाठी रवाना करतात. वाई तालुक्यातून निघालेला असा नमुना पुण्यास औंध येथील पशुरोग-अन्वेषण विभागाकडे किंवा त्याहून दूरच्या प्रयोगशाळेकडे जातो. तेथे तो जिवंत पेशींच्या संवर्धनात मिसळला जातो आणि पेशींचा नाश होतो की नाही, यावरून व्हायरसाच्या अस्तित्वाविषयी अनुमान केले जाते.

या बाटलीतील द्रव म्हणजे केवळ क्षारयुक्त पाणी नव्हे. जनावराच्या जिभेवर व कातडीवर जीवाणूंची आणि कवकांची वस्ती असते; गोठ्यातील दमट हवेत कवकांच्या बीजाणूंना तोटा नसतो. एक बीजाणू संवर्धनात शिरला तरी दोनतीन दिवसांत तंतूंचे जाळे पसरून सर्व पेशी निकामी होतात. म्हणून द्रवात पेनिसिलिनासारख्या जीवाणुनाशकांबरोबर एखादे कवकनाशकही घातलेले असते. पशुरोगांच्या आंतरराष्ट्रीय निदानपद्धतीत लाळ्या-खुरकुताच्या नमुन्यासाठी दर मिलिलिटरास १०० एकक निस्टॅटिन सांगितले आहे. लम्पी त्वचारोगाच्या नमुन्यासाठी तेवढेच निस्टॅटिन अथवा दर मिलिलिटरास २.५ मायक्रोग्रॅम अँफोटेरिसिन-बी सुचविले आहे.

ही औषधे कवकांना मारतात आणि व्हायरसांस ती उदासीन असतात, असे गृहीत धरूनच हा व्यवहार चालतो. हे गृहीत बहुतांशी सोयीचे ठरले आहे. परंतु ते सर्वस्वी खरे नाही. काही कवकनाशके काही व्हायरसांचा संसर्ग रोखतात, तर तीच औषधे अन्य व्हायरसांचा संसर्ग वाढवितात. हे का घडते आणि त्यापासून प्रयोगकर्त्याने कोणता बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

औषधांचा परिचय

पेशीसंवर्धनात वापरली जाणारी कवकनाशके मुख्यतः पॉलिईन गटातील आहेत. त्यांपैकी पहिले महत्त्वाचे औषध निस्टॅटिन होय. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन अमेरिकी संशोधिकांनी ते १९५० साली जाहीर केले. न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेत हे कार्य झाले, म्हणून औषधाच्या नावात त्या राज्याच्या नावाची आद्याक्षरे आली. त्यानंतर पाचसहा वर्षांत व्हेनेझुएलातील मातीमधून मिळालेल्या एका स्ट्रेप्टोमायसीसपासून अँफोटेरिसिन-बी हाती आले.

या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. पेनिसिलिनचे उत्पादन हा त्याचा पहिला उद्देश असला तरी त्याच्या संशोधन विभागात मातीतील सूक्ष्मजीवांचा शोधही चालू होता. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली तेथे एका नव्या कवकनाशकाची माहिती प्रसिद्ध केली. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्यास पिंपरीवरून ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’ हे नाव देण्यात आले आणि औषधास कारखान्याच्या आद्याक्षरांवरून ‘हॅमायसिन’ म्हटले गेले. पुढे १९६४ साली त्याच संस्थेतून ऑरिओफंजिन हे वनस्पतींच्या रोगांवर उपयोगी पडणारे कवकनाशक पुढे आले. ही सर्व औषधे एकाच कुळातील आहेत. त्यांचा रेणू म्हणजे कार्बन अणूंचे एक मोठे कडे असते. कड्याच्या एका बाजूस एकाआड एक द्विबंधांची ताठ साखळी आणि दुसऱ्या बाजूस पाण्याशी सख्य करणारे हायड्रॉक्सिल गट असतात. अँफोटेरिसिन-बी आणि हॅमायसिन यांत असे सात द्विबंध ओळीने असतात.

दुसरा गट अझोल औषधांचा. इट्राकोनाझोल, पोसाकोनाझोल, फ्लुकोनाझोल ही त्यांतील परिचित नावे होत. ही औषधे प्रयोगशाळेत तयार केलेली असून त्यांची क्रिया वेगळ्या प्रकारची आहे. तिचा विचार पुढे येईल.

क्रियेचे मर्म: स्टेरॉल

कवकाच्या पेशीभोवतालच्या पटलात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. प्राण्यांच्या पेशीपटलात त्याची जागा कोलेस्टेरॉल घेते. पॉलिईन औषध अर्गोस्टेरॉलशी घट्ट बांधले जाते. त्यामुळे पटलात छिद्रे पडून आतील पोटॅशियम बाहेर झिरपते, ही या क्रियेची जुनी उपपत्ती होय. २०१४ साली तिला एक जोड मिळाली. औषधाचे रेणू पटलाच्या बाहेर पुंज करून राहतात आणि स्पंजाने पाणी टिपावे तसे पटलातील अर्गोस्टेरॉल टिपून घेतात, असे त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. या दुसऱ्या मतानुसार छिद्रे ही दुय्यम असून स्टेरॉलाचे अपहरण हेच कवकाच्या मृत्यूचे प्रमुख कारण आहे.

कोलेस्टेरॉलाविषयी या औषधांची ओढ कमी असते, परंतु ती शून्य नसते. रुग्णास अँफोटेरिसिन-बी देताना मूत्रपिंडास इजा पोचते, तिच्या मुळाशी हेच अपूर्ण विवेचन आहे. पेशीसंवर्धनातही औषधाची मात्रा वाढली की कवकाबरोबर पेशींवरही ताण येतो. प्रस्तुत विषयाचा सारा गाभा या एका गोष्टीत आहे: पॉलिईन औषध व्हायरसाला ओळखत नाही, ते स्टेरॉलाला ओळखते. तेव्हा व्हायरसाच्या जीवनक्रमात स्टेरॉलाचे स्थान कोणते, यावर परिणाम अवलंबून राहतो.

आवरणयुक्त आणि आवरणहीन व्हायरस

प्राणि-व्हायरसांचे या दृष्टीने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील व्हायरसांभोवती स्निग्ध द्रव्याचे आवरण असते. हे आवरण व्हायरस स्वतः निर्माण करीत नाही. आश्रयदात्या पेशीच्या पटलातून बाहेर पडताना तो ते अंगावर ओढून घेतो, आणि त्याबरोबर त्या पटलातील कोलेस्टेरॉलही येते. नागपूरजवळच्या चांदीपुरा येथील रुग्णांपासून १९६५ साली मिळालेला चांदीपुरा व्हायरस, १९७३ साली बार्शी येथे मोठी साथ निर्माण करणारा चिकुनगुन्या, २०२२ साली महाराष्ट्रातील गोधनास ग्रासणारा लम्पी त्वचारोगाचा व्हायरस हे सर्व आवरणयुक्त आहेत. दुसऱ्या वर्गातील व्हायरसांस केवळ प्रथिनांचे कवच असते. पोलिओ आणि लाळ्या-खुरकूत ही त्यांची परिचित उदाहरणे होत.

पॉलिईन औषधांचा परिणाम या विभागणीला बराचसा अनुसरून होतो, असे १९७० नंतरच्या दशकातील प्रयोगांनी दाखविले. अँफोटेरिसिन-बी पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याचे मिथिल एस्टर हे विद्राव्य रूप तयार करून या प्रयोगांत वापरले गेले. १९७५ साली हर्पीस व्हायरसावर त्याचा प्रभाव दिसून आला. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस, हर्पीस, सिंदबिस आणि व्हॅक्सिनिया या आवरणयुक्त व्हायरसांची संसर्गशक्ती या एस्टरामुळे घटली. एको व अडेनो या आवरणहीन व्हायरसांवर मात्र तसा परिणाम झाला नाही. येथे हे ध्यानात घेण्यासारखे आहे की व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस हा चांदीपुरा व्हायरसाचा निकटचा आप्त आहे, सिंदबिस हा चिकुनगुन्याच्या प्रजातीतील आहे, आणि व्हॅक्सिनिया हा लम्पीच्या व्हायरसाप्रमाणे देवीच्या कुळातील आहे. आप्तावरील परिणाम जसाच्या तसा दुसऱ्यावर लादता येत नाही; तथापि शंका उपस्थित करण्यास तो पुरेसा आहे.

एचआयव्हीच्या बाबतीत हा अभ्यास आणखी खोल गेला. या व्हायरसाचे आवरण कोलेस्टेरॉलाने विशेष समृद्ध असते, आणि १९८६ सालापासून त्यावर पॉलिईनांचा प्रतिबंधक परिणाम ज्ञात आहे. पुढे औषधाच्या सान्निध्यात हा व्हायरस दीर्घकाळ वाढविला असता त्याची प्रतिरोधी वाणे निर्माण झाली. २००६ च्या सुमारास असे दिसले की प्रतिरोध देणारे बदल व्हायरसाच्या आवरणातून आत लोंबणाऱ्या प्रथिनाच्या शेपटीत झाले होते. औषध बांधले जाते ते आवरणातील कोलेस्टेरॉलाशी. आणि त्यातून सुटका करून घेण्यासाठी व्हायरस बदलतो ते आपले प्रथिन. आवरणातील स्निग्ध द्रव्य आणि त्यात रोवलेले प्रथिन ही दोन अलग अंगे नसून एकमेकांवर अवलंबून असलेली एकच रचना आहे, हे यावरून स्पष्ट होते.

विपरीत परिणाम

येथपर्यंतचे विवेचन वाचून पॉलिईन म्हणजे आवरणयुक्त व्हायरसांचा शत्रू, असा नियम कोणी बांधील तर तो चुकेल. इन्फ्ल्यूएन्झा हाही आवरणयुक्त व्हायरस आहे. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अँफोटेरिसिन-बीमुळे त्याचा संसर्ग कमी न होता वाढला असे आढळले.

याचे कारण व्हायरसात नसून पेशीच्या संरक्षणव्यवस्थेत आहे. प्राण्यांच्या पेशींत आयएफआयटीएम-३ नावाचे एक लहान प्रथिन असते. पेशीने आत ओढून घेतलेला व्हायरस ज्या पिशवीत बंदिस्त असतो, तिच्या पटलात हे प्रथिन असते आणि ते पटल ताठ व चिवट ठेवते. त्यामुळे व्हायरसाचे आवरण पिशवीच्या पटलाशी एकजीव होऊ शकत नाही व व्हायरस तेथेच अडकून नष्ट होतो. अँफोटेरिसिन-बी त्या पटलात शिरले की हा अडसर निखळतो. ज्या पेशींत हे प्रथिन विपुल होते, त्यांतच औषधाने संसर्गाची वाट मोकळी केली. आणि औषध दिलेल्या उंदरांतही इन्फ्ल्यूएन्झाचा आजार अधिक तीव्र झाला.

एकाच औषधाचे हे दोन परस्परविरुद्ध परिणाम एकाच तत्त्वातून निघतात. औषध पटलाचे गुणधर्म बदलते. तो बदल व्हायरसाच्या स्वतःच्या आवरणात घडला तर व्हायरसाची हानी होते. पेशीच्या तटबंदीत घडला तर व्हायरसाचा लाभ होतो. कोणती बाजू वरचढ ठरेल हे व्हायरसाची जात, पेशीचा प्रकार, औषधाची मात्रा आणि ते घालण्याची वेळ या चार गोष्टींवर ठरते.

डासांच्या पेशी: एक विशेष प्रकरण

पेशीच्या प्रकाराचे महत्त्व समजण्यासाठी पुण्यातीलच एक उदाहरण घेता येईल. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने १९५२ साली पुण्यात व्हायरस संशोधन केंद्र सुरू झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. या केंद्रात के. आर. पी. सिंग यांनी १९६७ साली एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती या डासांच्या अळ्यांपासून अखंड वाढणाऱ्या पेशींची वाणे सिद्ध केली. अल्बोपिक्टसच्या वाणापासून १९७८ साली निवडलेली सी-६/३६ ही शाखा आज जगभर डेंग्यू व चिकुनगुन्या यांच्या संवर्धनासाठी वापरली जाते.

कीटकांस स्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही. ते अन्नातून घ्यावे लागते. संवर्धनातील डासांच्या पेशीही पोषकद्रवातील रक्तद्रवापासून कोलेस्टेरॉल मिळवितात, आणि त्यांच्या पटलात त्याचे प्रमाण सस्तन प्राण्यांच्या पेशींहून कमी असते. या उणिवेचा शोधासाठी उपयोग करून घेण्यात आला. १९९१ साली रक्तद्रवातील कोलेस्टेरॉल काढून टाकून वाढविलेल्या डासांच्या पेशींत सेमलिकी फॉरेस्ट व्हायरसाचा संसर्ग अत्यंत मंदावतो, असे दाखविण्यात आले. हा व्हायरस चिकुनगुन्याचा आप्त आहे. १९९८ साली त्याचे असे वाण मिळाले की ज्यास कोलेस्टेरॉलाची गरज पुष्कळ कमी होती; त्याच्या ई-१ या प्रथिनातील २२६ व्या स्थानी बदल झालेला होता. पुढे २००५-०६ मध्ये रियुनियन बेटावरील चिकुनगुन्याच्या साथीत ई-१ प्रथिनाच्या नेमक्या त्याच २२६ व्या स्थानी ॲलानिनच्या जागी व्हॅलिन आलेले आढळले. या बदलामुळे व्हायरसाची कोलेस्टेरॉलावरील भिस्त वाढली आणि अल्बोपिक्टस डासात त्याची वाढ अधिक सुकर झाली. केरळातही २००७ साली हे बदललेले वाण दिसून आले.

या उदाहरणाचा प्रस्तुत विषयाशी संबंध असा: व्हेरो पेशींत वाढलेला चिकुनगुन्या व्हायरस आणि सी-६/३६ पेशींत वाढलेला तोच व्हायरस यांची प्रथिनसंहिता एकच असली तरी त्यांच्या आवरणातील कोलेस्टेरॉल सारखे असत नाही. तेव्हा स्टेरॉलास धरणाऱ्या औषधाचा परिणाम दोहोंवर समान होईल असे गृहीत धरता येत नाही. एका पेशीवाणावर केलेल्या कवकनाशकाच्या चाचणीवरून दुसऱ्याविषयी निर्णय देणे म्हणूनच अनुचित ठरते. पदव्युत्तर प्रबंधासाठी हा प्रश्न आटोपशीर आणि उपयुक्त आहे.

अझोल औषधांची निराळी वाट

अझोल औषधे स्टेरॉलास बांधली जात नाहीत. कवकातील लॅनोस्टेरॉलापासून अर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या मार्गातील एका विकराला ती रोखतात. त्यामुळे त्यांचा व्हायरसांशी काही संबंध नसावा असे सकृद्दर्शनी वाटते. तथापि २०१५ साली असे आढळले की इट्राकोनाझोल पोलिओच्या कुळातील एंटरोव्हायरसांची वाढ थांबविते. हे व्हायरस आवरणहीन आहेत, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावयास हवी. पेशीच्या आत कोलेस्टेरॉलाची ने-आण करणारे एक प्रथिन हे औषध निष्प्रभ करते. एंटरोव्हायरस आपल्या आरएनएच्या प्रती काढण्यासाठी पेशीच्या आत पटलांची जी कार्यशाळा उभारतात, तिला हा कोलेस्टेरॉलाचा पुरवठा लागतो. तो तुटला की काम बंद पडते. तात्पर्य, आवरण नसलेल्या व्हायरसासही पेशीच्या आत स्टेरॉलाची गरज पडू शकते, आणि ‘आवरणहीन म्हणून निर्धास्त’ हा नियमही सर्वत्र लागू पडत नाही.

याच औषधाच्या बाबतीत एक इशाराही नोंदविण्यासारखा आहे. कोविडच्या काळात इट्राकोनाझोलाने पेशीसंवर्धनात त्या व्हायरसाची वाढ रोखली. परंतु हॅमस्टरांत त्याचा लाभ दिसला नाही, आणि बेल्जियममधील रुग्णांवरील चाचणीही निष्फळ ठरून थांबवावी लागली, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसच्या रुग्णांसाठी अँफोटेरिसिन-बीची मोठी टंचाई निर्माण झाली होती. ते औषध त्या रुग्णांस दिले गेले ते कवकावरील उपाय म्हणून. त्यापासून व्हायरसावरील गुणाची अपेक्षा करण्यास कोणताही आधार नव्हता. पेशीसंवर्धनातील निष्कर्षाचे क्षेत्र पेशीसंवर्धनापुरतेच असते.

प्रयोगाची मांडणी

वरील विवेचनावरून प्रयोगशाळेत काही पथ्ये पाळणे अगत्याचे ठरते.

पहिले पथ्य विद्रावकासंबंधी. बाजारात मिळणारे अँफोटेरिसिन-बीचे जुने विद्राव्य रूप डिऑक्सिकोलेट या पित्तक्षाराबरोबर बनविलेले असते. हा क्षार साबणासारखा स्निग्ध द्रव्य विरघळविणारा आहे. आवरणयुक्त व्हायरसाची हानी औषधाने केली की या क्षाराने, हे ठरविण्यासाठी केवळ क्षार घातलेली एक तुलना-बाटली स्वतंत्र ठेवावी. अझोल औषधांच्या बाबतीत डायमेथिल सल्फॉक्साइडासाठी हीच दक्षता घ्यावी.

दुसरे पथ्य पेशींसंबंधी. औषधाने पेशीच दुबळ्या झाल्या तर व्हायरसाची वाढ आपोआप घटते आणि ती औषधाची व्हायरसविरोधी शक्ती समजली जाते. म्हणून व्हायरस न घालता केवळ औषध दिलेल्या पेशींची जीवनक्षमता प्रत्येक मात्रेस मोजली पाहिजे. दर मिलिलिटरास २.५ मायक्रोग्रॅम ही नेहमीची मात्रा म्हणजे लिटरास सुमारे २.७ मायक्रोमोल होते. प्रयोगांतील मात्रांशी तुलना करताना हे रूपांतर विसरू नये.

तिसरे पथ्य वेळेसंबंधी. औषध आधी व्हायरसात मिसळणे, आधी पेशींना देणे आणि संसर्गानंतर देणे हे तीन भिन्न प्रयोग आहेत. पहिल्याने आवरणावरील, दुसऱ्याने प्रवेशावरील व तिसऱ्याने वाढीवरील परिणाम कळतो. पहिल्या प्रयोगात मिश्रण पुरेसे विरल करूनच पेशींवर घालावे. नाहीतर उरलेले औषध पेशींपर्यंत पोचून उत्तरे एकमेकांत मिसळतात.

चौथे पथ्य नोंदीसंबंधी असून ते सर्वांत सोपे आणि सर्वांत उपेक्षित आहे. पोषकद्रवात कोणते कवकनाशक, किती, आणि कोणत्या दिवशी घातले, याची नोंद प्रत्येक प्रयोगाच्या वहीत असावी. ३७ अंश सेल्सियसला अँफोटेरिसिन-बी साधारण तीन दिवसच प्रभावी राहते. त्यामुळे ताज्या द्रवावरील आणि आठवडाभराच्या द्रवावरील प्रयोग एकसारखे समजता येत नाहीत.

समारोप

या सर्व विवेचनाचा अर्थ कवकनाशके त्याज्य आहेत असा नाही. लम्पी त्वचारोगाचा व्हायरस आवरणयुक्त असूनही कवकनाशक घातलेल्या द्रवातून तो नित्य वेगळा काढला जातो. रोगट कातडीत व्हायरसाचा साठा मोठा असतो, तेव्हा किंचित घट झाली तरी निदानास बाध येत नाही. अडचण उद्भवते ती नमुन्यात व्हायरस अल्प असतो तेव्हा. आजार ओसरताना घेतलेला नमुना, उन्हातान्हात उशिरा पोचलेला नमुना, किंवा मुळातच थोड्या संख्येने आढळणारा व्हायरस असेल, तर औषधामुळे झालेली लहानशी घटही ‘आहे’ चे ‘नाही’ करू शकते.

अशा वेळी नमुन्याचा एक भाग कवकनाशकाविना, गाळणीतून गाळून किंवा अपकेंद्रित करून पेशींवर घालणे आणि दुसरा भाग नेहमीच्या पद्धतीने घालणे, एवढा उपाय पुरेसा होतो. दोहोंचे उत्तर जुळले तर निर्णयास बळकटी येते. न जुळल्यास तो विरोध हाच संशोधनाचा विषय ठरतो. गोठ्यातील गुरे वेगळी करावयाची की नाही, बाजार बंद ठेवावयाचा की नाही, हे अशा उत्तरांवर ठरत असते. म्हणून बाटलीतील प्रत्येक पदार्थाचे कार्य जाणून घेतल्याशिवाय ‘व्हायरस आढळला नाही’ हे वाक्य लिहिण्याची घाई करू नये.